दुसरा भोवरा

शिवमला स्वतःचं अख्खं नाव पहिल्यांदा वाचता आलं ते दगडावर. तो तेव्हा पहिलीत होता, बाराखडी नुकतीच तोंडात बसली होती, आणि तीस सप्टेंबरला शाळेतल्या सगळ्या पोरांना रांगेनं जुन्या गावाकडं नेलं होतं. गुरुजी भूकंपात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहत होते आणि शिवम समोरच्या काळ्या फरशीवर कोरलेली अक्षरं बोटानं जुळवत बसला होता. शि-व-म. पुढं बापाचं नाव, त्यापुढं आडनाव. त्यानं खूश होऊन शेजारच्या पोराला ढोसलं, "ए, माझं नाव बघ." शेजारचं पोरगं जराही न चमकता म्हणालं, "माझं बी हाय की. तिकडं, खाली."

त्या गावात हे नवीन नव्हतं. ज्या बायकांची लेकरं ढिगाऱ्याखाली गेली आणि ज्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच होऊन बसलं होतं, त्यांच्या बांधलेल्या नळ्या सरकारी डॉक्टरांनी पुन्हा जोडून दिल्या, आणि दोनचार वर्षांत नव्या गावातल्या सारख्याच्या सारख्या सिमेंटच्या घरांतून पाळणे हलू लागले. पाळण्यातल्या पोराला नवं नाव शोधायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. जो गेला त्याचंच नाव मोकळं पडलं होतं. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसं ते घातलं. म्हाताऱ्यांना यात फार गोडवा वाटायचा. देवानं परत दिलं, असं ते दर पाहुण्याला सांगायचे, जणू देव म्हणजे फाटका कपडा बदलून देणारा दुकानदार. त्या पोरांना काय वाटतं हे विचारायचं मात्र आजतागायत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिला शिवम गेला तेव्हा सात वर्षांचा होता. वर्गात पहिला यायचा. मोठा होऊन डॉक्टर होणार म्हणायचा. सात वर्षांचं पोर मोठेपणी हत्ती होणार असंही म्हणतं, पण ते कुणी जपून ठेवत नाही. त्याच्या आईबापांनी, शेषेराव आणि केवळाबाईंनी, नेमकं डॉक्टरचं तेवढं जपून ठेवलं. घरातलं बाकी सगळं मातीत गेलं होतं. थोरल्याचा एकच फोटो उरला, तोही निलंग्याच्या मावशीच्या घरी होता म्हणून. मावशीच्या लग्नातला फोटो. नवरा-नवरीवर अक्षता पडतायत आणि कोपऱ्यात एक पोरगं कॅमेऱ्याकडं पाठ करून उभं आहे. शेषेरावांनी तेवढं पोरगं वेगळं काढून, मोठं करून, काच लावून आणलं आणि पुढच्या खोलीत टांगलं. इतरांच्या घरात मेलेली माणसं हारातून आल्यागेल्याकडं बघतात. यांच्या घरातलं पोर भिंतीकडं बघत होतं. चापून तेल लावलेलं डोकं, बारीक मान, आणि टाळूच्या मागं, एकमेकाला खेटून, केसांचे दोन भोवरे.

दर रविवारी सकाळी आई शिवमला त्या फोटोसमोर पाटावर बसवायची आणि स्वतः मागं बसून मेथीदाणे कढवलेलं खोबरेल त्याच्या डोक्यात जिरवायची. तेल जिरलं की तिची बोटं टाळूच्या मागं यायची, केस बाजूला सारायची, थांबायची, पुन्हा सारायची. मग ती हळूच म्हणायची, "न्हाई." तेवढंच. शिवमला लहानपणी वाटायचं ती उवा बघते. जरा अक्कल आल्यावर त्याला कळलं की ती दुसरा भोवरा शोधते. त्याला एकच होता. दर रविवारी एकच निघायचा. आणि दर रविवारी ती असं बघायची, जणू आठवड्याभरात तो उगवला असेल.

तिनं आपल्या तोंडाकडं कधी नीट बघितल्याचं शिवमला आठवत नव्हतं. जेवायला वाढताना ती ताटाकडं बघायची, बोलताना दाराकडं. तो शाळेला निघाला की मात्र वळणापर्यंत त्याच्या पाठीकडं बघत उभी राहायची. अप्पांचंही, म्हणजे शेषेरावांचंही, तेच. त्याचा पुढं पुढं ठाम तर्क झाला होता की या दोघांना थोरल्याचं तोंडच आता आठवत नाही, फक्त पाठ आठवते, आणि म्हणून त्यांच्या लेखी त्यालाही तेवढीच आहे. हे त्यांना तोंडावर विचारायचं त्यानं फार वेळा ठरवलं होतं. आपल्याकडं भूकंपाबद्दल पेपरवाल्याला विचारू द्यायची रीत आहे, पोराला नाही.

बारावीला मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत तेव्हा अप्पांनी त्याला लातूरला रिपीटर बॅचला घातलं. शिवम म्हणाला, मला हे होत नाही, मला दुसरं काहीतरी करू द्या. अप्पा म्हणाले, "शिवमला डॉक्टर व्हायचं हाय." असं, समोर बसलेल्याला सोडून. शिवमनं विचारलं, "कोणत्या शिवमला?" अप्पा उठून गुरांना वैरण टाकायला गेले.

क्लास म्हणजे एक लांबलचक हॉल होता, टॉकीजसारखा. मागच्या टेस्टला जो नंबर, त्या नंबरावर बाक. पहिल्या रांगेत बसणारांना फळा दिसायचा, शेवटच्या रांगेत बसणारांना माना. तेल लावलेल्या, घाम आलेल्या, झोपेनं डुलणाऱ्या शेकडो माना, नांदेड-परभणीपासून निलंगा-उदगीरपर्यंतच्या सगळ्या बापांनी मुडपून तिथं आणून बसवलेल्या. शिवम मानांत बसायचा. सुरुवातीला माईकवरून हजेरी व्हायची, आणि घंट्याभरात प्रत्येक पोराच्या घरी मेसेज जायचा: आपला पाल्य आज वर्गात उपस्थित आहे. किंवा नाही. टेस्टचे मार्कही तसेच जायचे. पोराशी बोलायची गरज उरू नये अशी सोय होती ती, आणि बापांना फार आवडायची.

त्या वर्षी लातूरला पाणी नव्हतं. होस्टेलवर टँकरच्या वेळा पाठ असायच्या, आंघोळी वाटून घेतलेल्या. शिवमचा रूममेट यासेर, नांदेडचा, बापाचं तिथल्या इतवारा भागात सलून, दिवाळीआधीच वैतागून घरी निघून गेला होता. "अबे डॉक्टर," जाताना तो म्हणाला होता, "इथं पाणी पण नाही अन् हवा पण नाही. तू कामून राहिलास?"

फेब्रुवारीत एके दिवशी फिजिक्सचे वीरण्णा सर वर्गावर आले ते हातात वर्तमानपत्र घेऊन. हा माणूस एरवी त्याच त्या नोट्स त्याच त्या विनोदांसकट वाचून दाखवायचा. कुठल्या ओळीला हसायचं हे पोरांना आधीच्या बॅचनं सांगून ठेवलेलं असायचं. त्या दिवशी मात्र त्यांच्या आवाजात काहीतरी निराळं होतं. लांब कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत शिरली, म्हणाले, आणि त्याची थरथर निघाली ती आत्ता आपल्यापर्यंत पोचली. "भूकंपच म्हणा. फक्त फार जुना. आपण आहोत का नाही हे ठरायच्याही आधी झालेला."

हॉलमधली किल्लारीकडची पोरं जरा सरसावून बसली.

सरांनी फळ्यावर कृष्णविवराचं एक वर्तुळ गिरवलं आणि त्याच्या जरा बाहेरून खडूनं दुसरं काढलं. "आतल्यातून काहीच बाहेर येत नाही, हे तुम्हाला माहितीय. गंमत आतल्याची नाही, या बाहेरच्याची आहे. या अंतरावर प्रकाश सरळ जाऊच शकत नाही. तो गोल फिरतो. घाण्याच्या बैलासारखा. आता समजा मी इथं उभा आहे. माझ्या डोक्याच्या मागून निघालेला प्रकाश सगळी फेरी मारून पुढून माझ्या डोळ्यात येणार. म्हणजे मी समोर बघतोय, अन् समोर मला काय दिसतंय?"

सरांनी बोटांवरचा खडू झटकला.

"माझीच पाठ. माझ्यापुढं मीच उभा, पाठमोरा."

हशा झाला. शिवम हसला नाही. त्यानं हात वर केला, वर्षात पहिल्यांदा. "सर, ते आपणच असतो का?"

"आपणच की. पण आत्ताचे नाही. प्रकाशाला फिरायला वेळ लागतो. एका फेरीपूर्वीचे. एखादा किरण जास्त फेऱ्या मारत राहिला तर अजून जुने."

"आणि तो कायम फिरतच राहतो?"

"नाही ना." सरांनी खडू फळ्यावर त्या बाहेरच्या वर्तुळावर टेकवला. "फार नाजूक काम आहे ते. केसाएवढा आत सरकला की गेला भोकात. केसाएवढा बाहेर सरकला की सुटला. कोण सुटेल आणि कोण जाईल ते सांगता येत नाही." मग त्यांना एकदम हॉलचं भान आलं. "परीक्षेला येणार नाही हे. पुसा." आणि त्यांनीच पुसलं.

त्याच तासाला शिवमला पहिल्या रांगेत ती मान दिसली.

आधी त्याला फक्त तेल दिसलं. एवढी पोरं तेल लावून यायची, पण ही मान उन्हात धरलेल्या तांब्यासारखी चकाकत होती. मग डोक्यावरचे दोन भोवरे दिसले, एकमेकाला खेटून. शेवटच्या रांगेतून ते दिसायला नको होते, एवढं लांब त्याला कधीच स्वच्छ दिसत नसे, पण दिसले. तास संपल्यावर तो गर्दी लोटत पुढं गेला तर बाक मोकळा होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. ते पोरगं मागं वळायचं नाही, डावी-उजवीकडं बघायचं नाही, आणि तास सुटताना गर्दीत असं मिसळून जायचं की शिवम पोचेपर्यंत बाकावर नुसता मेथीचा वास राहायचा.

पुढच्या आठवड्यात हजेरीला शिवमचं नाव पुकारलं गेलं आणि त्यानं तोंड उघडण्याआधी पुढून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "प्रेझेंट."

हजेरी घेणारानं मान वर केली नाही. पुढचं नाव घेतलं. शिवमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि त्याला पहिल्यांदा भीती वाटायच्या ऐवजी राग आला. इतका जुना, इतका ओळखीचा राग, की त्याला वाटलं हा आपण जन्मताना बरोबर आणला होता. त्यानं दप्तर उचललं आणि सगळ्यांच्या देखत हॉलबाहेर चालता झाला. कुणी हटकलं नाही. संध्याकाळी तो नांदेडला यासेरच्या दारात होता.

"ये, डॉक्टर," यासेर म्हणाला. "पेशंट वाट बघून राहिले." आणि त्याच्या हातात झाडू दिला.

इतवाऱ्यातल्या त्या सलूनमध्ये शिवम केस झाडायचा, गरम पाणी आणायचा, दुपारी गिऱ्हाईक नसलं की विष्णुपुरीच्या धरणावर जाऊन गोदावरीच्या अडवलेल्या पाण्याकडं बघत बसायचा. आणि वाट बघायचा. त्याचा हिशेब साधा होता. क्लासमधून घरी मेसेज जाईल, पोरगं गैरहजर. दोनचार दिवसांत अप्पांचा फोन येईल. अप्पा ओरडतील, शिव्या देतील. देऊ देत. शिवी ही थोरल्याला देता येत नाही. मेलेल्या पोराला कुणी नालायक म्हणत नाही. नालायक म्हणतील तेव्हा ते निदान याच्याशी बोलत असतील.

फोन आला तो आठवड्यानं. अप्पांचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता.

"लई चांगलं चाललंय रे पोरा. परवाच्या टेस्टला पहिल्या दहात आलास."

शिवमनं झाडू भिंतीला टेकवला. "अप्पा, मी क्लास सोडलाय. मी नांदेडला हाव."

"हाव हाव. चेष्टा पुरी. अभ्यास कर."

"खरंच सोडलाय. यासेरच्या बापाच्या दुकानात केस झाडायलाव."

"रोज मेसेज येतोय मला," अप्पा हसत म्हणाले. हसत! "मोबाईल काय खोटं बोलंल का? तुझी आई लई खूश हाय. ठेवतो."

यासेरला त्यानं सांगितलं तर तो पोट धरून हसला. "अबे, कुणीतरी तुझी प्रॉक्सी मारायला. अन् मार्क पण आणून द्यायला! असा प्रॉक्सी मला भेटला असता तर मी आज कलेक्टर असतो." आणि शिवमही हसला, कारण हे पटण्यासारखं होतं. एकाच नावाची दोन पोरं, मशीनची गडबड, नंबरांची अदलाबदल. पटण्यासारखं खूप काही होतं. फक्त रात्रंदिवस नाकात मेथीचा वास होता आणि त्यानं तर घरून आल्यापासून डोक्याला तेलाचा थेंब लावला नव्हता.

एका निवांत दुपारी खाजाचाचांनी, यासेरच्या वडिलांनी, त्याला खुर्चीत ओढलं. "बस बे. न्हाव्याच्या दुकानात राहतो अन् जंगल वाढवून राहिला." सलूनमध्ये समोर एक आरसा होता आणि पाठीमागच्या भिंतीवर तेवढाच दुसरा. शिवमनं समोर बघितलं. समोर त्याचं तोंड होतं, त्याच्यामागं त्याचीच पाठ, त्यामागं पुन्हा तोंड, पुन्हा पाठ, अशी एक हिरवट गल्ली आत आत गेली होती. त्याला वीरण्णा सर आठवले. म्हणजे जितकं आतलं तितकं जुनं, त्याच्या मनात आलं. त्यानं पहिली पाठ बघितली. केस बारीक होत आले होते, टाळूमागं एक भोवरा. दुसरी पाठ, एक भोवरा. तो आत आत बघत गेला, आरसा हिरवा होत गेला, पाठी लहान होत गेल्या, आणि जिथं नीट दिसायचं थांबतं त्याच्या जरा अलीकडं एका पाठमोऱ्या डोक्यावर दोन होते. त्यानं डोकं हलवलं. सगळ्या पाठी हलल्या. ती एक जरा उशिरा हलली.

"चाचा, माझ्या डोक्यावर भोवरे किती?"

खाजाचाचांनी अंगठ्यानं चाचपलं. "एक." मग कात्री थांबली. "अजीब. मघाशी मला पण दोन वाटले. दोन असले की दोन शाद्या होतात म्हणतात." त्यांनी समोरच्या आरशावर फडकं फिरवलं. "पारा गेलाय याचा. बदलायला झाला."

रविवारी पहाटेच्या एसटीनं शिवम निघाला. घरी जायचं, दोघांना समोर बसवायचं आणि सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण लातूरला गाडी बदलायची होती, आणि क्लास स्टँडपासून लांब नव्हता, आणि शेवटी पाय तिकडंच वळले. रविवारच्या टेस्टला अजून अवकाश होता. दारापाशी पोरं घोळक्यानं उभी राहून पाठ केलेलं पुन्हा पुटपुटत होती. एक मुलगी त्याच्यामागून येता येता थबकली.

"आज लवकर?" ती म्हणाली. शिवम वळला तशी ती गोंधळली. "अगं बाई. शिवमच ना तू? मी सुकन्या. तुझ्या मागच्या बाकावर बसते. तुझं तोंड पहिल्यांदाच बघायले, मागून बरोबर वळखते."

"मी पुढं बसत न्हाई," शिवम म्हणाला. "मी शेवटच्या रांगेत होतो. आता येत पण न्हाई."

"हो का," ती हसली. "मग कालच्या तासाला माझ्यापुढं तुझं भूत होतं का? बाकी एक विचारू? तू होस्टेलला राहतोस ना? मग रोज सकाळी डोक्याला तेल कोण लावून देतं तुला? वास येतो म्हणून विचारलं. आमची आज्जी लावायची तसलं, मेथीचं. रोज ताजं असतं."

शिवम दाराकडं वळला. हॉलचं दार उघडलं होतं, आतली पहिली रांग दिसत होती, तिथला एक बाक अजून रिकामा होता. आत जाऊन त्या बाकावर बसावं आणि जो येईल त्याचं तोंड बघावं, एवढं सोपं होतं ते. त्याचे पाय उंबऱ्यापर्यंत गेलेही. मग त्याच्या मनात आलं की आपण तिथं बसलो तर मागच्यांना फक्त आपली पाठ दिसेल. तो वळला आणि जवळजवळ पळत स्टँडवर आला.

नव्या गावात उन्हं चांगलीच वर आली होती. रस्ते सरळ, घरं एका साच्यातली. लहानपणी तो दोनदा चुकून दुसऱ्याच्याच घरात जेवायला बसला होता आणि त्या घरातल्या बाईनं त्याला वाढलंही होतं. अप्पा ओट्यावर बसले होते, मोबाईल गुडघ्याशी. त्याला बघून त्यांना काही विशेष वाटलं नाही.

"आलास?" ते म्हणाले. आणि आतून आई म्हणाली, "आला का? पाट मांडलाच हाय."

पाट खरंच मांडलेला होता, फोटोसमोर. शेजारी तेलाची वाटी होती, कोमट. ती आत्ता कढवली होती का सकाळीच, हे त्याला कळेना. तो पाटावर बसला कारण कुठंतरी बसायलाच हवं होतं.

"आई, आज तेल नको. समोर ये. मला बोलायचं हाय."

"बोल की. मी ऐकायले." ती मागं बसलीही होती.

"समोरून बघ ना माझ्याकडं एकदा."

"बघते. आधी तेल." तिची बोटं केसांत शिरली.

मग तो अप्पांकडं बघून बोलला. सगळं बोलला. क्लास सोडलाय, महिना होत आला. नांदेडला केस झाडतो. डॉक्टर व्हायचं नाही, कधीच व्हायचं नव्हतं, ज्याला व्हायचं होतं तो दगडावर आहे, तुम्हीच कोरलाय. मला त्याचं नाव घातलंत, त्याची शाळा घातलीत, तुम्हाला तोंडसुद्धा आठवत नाही त्याचं, आणि त्याची शिक्षा मला. मी दुसरा नाही. मी पहिला आहे, माझा पहिला. हे इतक्या मोठ्यानं बोलला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

अप्पांनी शांतपणे मोबाईल पुढं केला. एकाखाली एक मेसेज होते. उपस्थित आहे. उपस्थित आहे. उपस्थित आहे.

"मग हे काय हाय?" ते म्हणाले.

"तेच विचारायलाव मी. आज टेस्ट हाय, अप्पा. हजेरी होत असंल आत्ता. मी तुमच्यासमोर बसलोय ना? हात लावून बघा. बघू आता काय मेसेज येतोय. उपस्थित आला तर तुम्ही म्हणाल ते करीन, जन्मभर त्या बाकावर बसीन. आणि न्हाई आला, तर तुम्ही दोघांनी माझ्या तोंडाकडं बघून म्हणायचं, की हे पोरगं इथं हाय. बस्स. एवढंच म्हणायचं."

अप्पांनी मोबाईल मधे फरशीवर ठेवला. तिघंही थांबले. आईची बोटं तेवढी फिरत राहिली, गोल, एकाच लयीत, तेल टाळूत जिरवत, कपाळापासून मागं आणि मागून पुन्हा कपाळापाशी. शिवमला झोप आल्यासारखं झालं. लहानपणी या बोटांखाली त्याला असंच व्हायचं आणि मग ते "न्हाई" यायचं आणि तो जागा व्हायचा. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. कुत्रं गप्प झालं होतं.

मोबाईल थरथरला.

अप्पांचा चष्मा ओट्यावर राहिला होता. "वाच," ते म्हणाले.

शिवमनं उचलून वाचलं, आणि मग मोठ्यानं वाचलं, आणि वाचता वाचता त्याला हसू फुटलं, महिन्याभराचं, अठरा-एकोणीस वर्षांचं. "आपला पाल्य शिवम आज वर्गात अनुपस्थित आहे. ऐकलं का? अनुपस्थित! तिथं कुणी न्हाई आज. बाक रिकामा हाय. म्हणा आता. बघा माझ्याकडं आणि म्हणा."

अप्पांनी बघितलं. पण त्याच्या तोंडाकडं नाही. त्याच्या डोक्यावरून मागं, आईकडं. कारण आईची बोटं थांबली होती. टाळूमागं केस बाजूला सारलेले होते आणि ती श्वाससुद्धा घेत नव्हती.

"हाय," ती म्हणाली.

"काय?" शिवम म्हणाला.

"हाय की ओ. दुसरा बी हाय. बघा तरी तुम्ही." तिचा आवाज त्यानं जन्मात कधी ऐकला नव्हता असा होता, एखाद्या पोरीसारखा. "मी म्हणत होते ना. आला. आला बघा."

अप्पा उठले. गुडघ्यावर हात देत, घाईनं, चष्म्यासाठीही न थांबता, ते पाटाला वळसा घालून त्याच्या मागं गेले आणि खाली वाकले. दोघांचेही श्वास आता त्याच्या मानेमागं ऐकू येत होते. कुणीतरी रडत होतं, बहुतेक अप्पा. "शिवम," ते म्हणाले, आणि असं त्यांनी त्याला कधीच हाक मारली नव्हती.

"मी इकडं हाय," शिवम म्हणाला. "पुढं या. मी इकडं हाय."

पुढं कुणी आलं नाही. त्याच्यासमोर आता फक्त भिंत होती आणि भिंतीवर फोटो. त्यानं नजर वर केली. हारातलं ते पाठमोरं पोरगं तसंच उभं होतं. बारीक मान, चापून बसवलेले केस. केस टाळूमागं दोन बाजूंना सारलेले होते, आणि काचेच्या आत, त्या उघड्या मानेवरून, तेलाचा एक ओघळ सावकाश सदऱ्याच्या कॉलरकडं उतरत होता.

शिवमनं हात मागं नेऊन स्वतःची मान चाचपली. ती कोरडी होती.